माळ काढलेल्या बंड्या

पौष वद्य द्वितीया, बाजाराचा दिवस. रक्कम सव्वादोन रुपये. हजर असलेले चौघे: माझे वडील, उंद्रीचे सखाराम मामा, नाक्यावरचे शिपाई रहीमभाई आणि मी. पाचवी माय, पण ती आत खाटेवर होती आणि तिला काही विचारायचं नाही असं आधीच ठरलं होतं, म्हणून तिला हजर धरत नाही. रक्कम होती दोन बंड्या, म्हणजे दोन बैलगाड्या कुटाराची, मळणीनंतर उरलेल्या भुश्याची. आमच्या दारासमोरच्या खडीच्या रस्त्यावर वीतभर जाड कुटार पसरायचं, म्हणजे चाकांचा आवाज मरेल आणि मायला झोप लागेल, असा तो ठराव होता.

आम्ही चिखलीला राहत होतो, खामगावकडच्या रस्त्यावर, कापसाच्या बाजाराच्या नाक्याला लागून. वडील त्या नाक्यावर मुन्शी होते. रस्त्यावर एक आडवी बल्ली, तिच्या टोकाला दगड बांधलेला, बाजूला टिनाची चौकी आणि चौकीच्या आढ्याला टांगलेला रुळाचा तुकडा. बंडी आली की थांबायची, वडील पोती मोजायचे, पावती फाडायचे, रहीमभाई रुळावर लोखंडी कांब हाणायचे आणि बल्ली वर जायची. नाक्यापासून आमच्या दारापर्यंत माझी तीस पावलं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड. घर नोकरीबरोबर मिळालेलं होतं, म्हणून ते सोडून दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता.

कापसाच्या दिवसांत त्या रस्त्यावर काय आवाज असे ते आज सांगूनही लोकांना पटत नाही. लोक म्हणतात, तुमच्या काळी कसली वाहनं, सगळं शांत असेल. मी सोळा वर्षांचा असताना एका बाजाराच्या दिवशी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मोजलेल्या बंड्या तीनशे चौदा होत्या. प्रत्येक बंडीला लोखंडी धावेची दोन चाकं, खाली खडी. त्यात गाठी नेणाऱ्या लॉऱ्या, त्यांचे रबरी पोंगे, बल्ली बंद दिसली की पोंगा दाबून धरणारे ड्रायव्हर, दोन वेळची प्रवाशांची सर्व्हिस मोटार, पलीकडे सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा, आणि दर पावतीला रुळाचा तो टणत्कार. आमच्या घरातले सगळे ओरडून बोलत. भाकर वाढ म्हणायलाही वडील असा आवाज काढत की पाहुण्यांना वाटे, घरात भांडण चाललंय. रहीमभाईंना डाव्या कानानं ऐकू येत नसे, कारण रूळ त्यांच्या डाव्या हाताला होता. ते स्वतः सांगत, “मुन्शीजी, अल्लाने दोन कान दिले, एक नाक्याले गेला. दुसरा घरवालीसाठी ठेवला, त्याचाबी काही फायदा नाही.”

आज माझाही उजवा कान अर्धा गेला आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी यंत्रावर तपासून कागद दिला, त्यावरची रेघ उजवीकडे खाली उतरत जाते. त्यांनी विचारलं, कारखान्यात होता का? मी म्हटलं, नाही, नाक्यावर लहानाचा मोठा झालो. ते हसले. मी हसण्यासाठी सांगितलं नव्हतं.

मायचं दुखणं आश्विनात तापानं सुरू झालं. ताप गेला, पण छातीतली धडधड राहिली. दिवाळीनंतर तिला चुलीपुढे बसवेना. त्याआधी ती पहाटे उठून ज्वारीच्या वीस भाकरी थापायची. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, वर लसणाची फोडणी, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. बाहेरच्या त्या सगळ्या गोंगाटात तिच्या हातचा भाकरीचा थप थप आवाज कसा ऐकू यायचा मला माहीत नाही, पण यायचा. ती खाटेला लागल्यावर भाकरी शेजारच्या गयाबाई थापू लागल्या. भाकरी चांगल्या असत. आवाज तो नव्हता.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी आले तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा आवाजाचं माप पाहिलं. त्यांनी मायचं मनगट धरलं, दुसऱ्या हातात घड्याळ. ठोके ब्याण्णव. ते मला आकडा सांगत होते आणि मी लिहीत होतो. तेवढ्यात बाहेर लॉरीनं पोंगा दाबला. डॉक्टरांनी मनगट सोडलं नाही. म्हणाले, “आता लिही. एकशे अठरा.” मायच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, ती छताकडे पाहत होती. बाहेर पडवीत येऊन ते वडिलांना म्हणाले, “हृदय थकलंय. औषध मी देतो, पण त्याला विसावा पाहिजे. दर पोंग्याला ते धावत असेल तर औषध काय करणार? झोप मिळू द्या. भेटायला येणारे बंद. मनाला लागेल असं काही बोलू नका.”

त्या दिवसापासून मी वही सुरू केली. मला आकड्यांची आवड होती, मॅट्रिकला गणितात पहिला येईन असं मास्तर म्हणत. वहीत रकाने पाडले: वेळ, बंड्या, लॉऱ्या, पोंगे, रूळ, आणि शेवटच्या रकान्यात मायची झोप. झोप मी दारातून पाहून लिहीत असे. डोळे मिटलेले आणि अंग स्थिर असलं की झोप. आठ दिवसांत हिशेब निघाला की ती दिवस-रात्र मिळून चार तासांवर झोपत नाही. वडिलांनी वही पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि पुढच्या बाजाराला मामा आल्यावर कुटाराचा ठराव झाला.

मामा मायपेक्षा आठ वर्षांनी लहान. आजी लवकर गेली, म्हणून माय त्यांना कडेवर घेऊन वाढलेली. ते तिला बाई म्हणत. कापूस असो नसो, दर बाजाराला त्यांची बंडी उंद्रीहून येई आणि आमच्या दारात थांबे. हिवाळ्यात हरभऱ्याचे ढाळे, बोरं, कधी हुरडा. त्यांच्या बैलांच्या गळ्यात एकेक घुंगरमाळ होती, जाड चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेली, आजोबांच्या वेळची. पण माय माळेच्याही आधी बंडी ओळखायची. डाव्या चाकाच्या धावेचा सांधा बसलेला नव्हता, चाकाच्या दर फेऱ्याला एक टक् व्हायचं. बंड्यांची रांग लागलेली असली तरी ती चुलीपाशी मान वर करून म्हणायची, “सखा आला.” मग माळ वाजायची. वडील म्हणायचे, “माझ्या नाक्याआधी हिच्या कानात पावती फाटते.”

तर त्या दिवशी पडवीत मामा वडिलांना म्हणाले, “भाऊजी, कुटार मी देतो, दोन बंड्या. पण रस्त्यावर कुटार टाकून राह्यले तुमी, बैल काय डोळे मिटून जातीन?”

वडील म्हणाले, “जातील. किंमत सांग.”

“बहिनीच्या दाराले टाकाच्या कुटाराची किंमत? मले हसतीन लोकं.”

“नाक्यावरचा माणूस फुकट काही घेत नाही. दोन बंड्या, सव्वादोन रुपये.”

“मंग आणत नाही.”

शेवटी कुटार आलं आणि सव्वादोन रुपये वडिलांनी तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून फळीवर ठेवले. मामांचे, म्हणून. मामा दर खेपेला म्हणत की ती डबी मले दिसतच नाही.

कुटार दोन दिवस टिकलं. मामांचं म्हणणं खरं ठरलं. उंद्री, अमडापूरकडून रात्रभर चालून आलेले बैल आमच्या दारासमोर आले की माना खाली घालून उभे राहत आणि खात. हाकलणारे ओरडत, मागच्या बंड्या थांबत, त्यांच्या मागे लॉरी असली तर पोंगा थांबतच नसे, आणि खाताना बैल माना हलवत म्हणून सगळ्या माळा खुळखुळत. त्या दोन दिवसांच्या पानावर मायची झोप पावणेतीन तास आहे. तिसऱ्या दिवशी रस्ता साफ झाला होता. रहीमभाई म्हणाले, “बैलांची दावत झाली, मुन्शीजी. आता उद्या बारात घेऊन येतीन.” वडील हसले नाहीत. ते म्हणाले, “दुसरं काय करता येईल?” आणि हे त्यांनी मला विचारलं.

मी वही उघडली. चाकं बंद करता येत नव्हती. रूळ रहीमभाईंनी त्याच दिवशी गोणपाटात गुंडाळला. लॉरीवाल्यांपैकी निम्मे ऐकू लागले, निम्मे नाही. राहिल्या होत्या माळा. प्रत्येक बैलाच्या गळ्यात माळ, एका बंडीला दोन, तीनशे बंड्यांना सहाशे. आणि बंड्या नाक्यावर थांबतातच. पावती फाडेपर्यंत माळा काढायच्या, आमचं दार ओलांडून पुढच्या कडुलिंबाखाली पुन्हा घालायच्या. खर्च काही नाही. मी हे वडिलांना मांडून दाखवलं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. तेही लिहून ठेवतो.

पहिलाच बंडीवाला, एक म्हातारा कुणबी, माझ्याकडे पाहत राहिला. “माळ काढू? काऊन, घरात मयत हाय का?”

मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडे घरात माणूस गेलं की बैलांच्या माळा उतरवतात. राख सावडायला जाणारी, सोयऱ्यांना सांगायला जाणारी बंडी मुकी जाते. दुरून मुकी बंडी येताना दिसली की बायका हातातलं काम ठेवून उभ्या राहतात, कोणाच्या दारी थांबते ते पाहायला. पण मला ती एक जुनी समजूत वाटली आणि माझ्या हातात वही होती.

“मयत होऊ नये म्हणून काढा, बाबा,” मी म्हटलं. “माझी माय दुखण्यात आहे.”

म्हातारा खाली उतरला, बैलांच्या गळ्यातून माळा काढल्या आणि बंडीतल्या कापसात खुपसल्या. मागच्याला ओरडून म्हणाला, “काढ बे. मुन्शीजीची घरवाली बिमार हाय.” मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. शिवाय मी बैलांना नाक्यावरच्या हौदातलं पाणी काढून देत होतो. पण मला वाटतं, पाण्यासाठी नाही, त्या म्हाताऱ्याच्या शब्दानं माणसं वळली. सोमवारच्या बाजाराला तर सांगावंही लागलं नाही. सहाशे माळा नाक्यावर उतरत होत्या आणि लिंबाखाली चढत होत्या. इतक्या अनोळखी माणसांनी आमच्यासाठी एवढं केलं, ते मी विसरलेलो नाही.

मायला हे कोणी सांगितलं नाही. दुखणेकऱ्यापुढे माळा काढल्या हा शब्द कसा काढायचा? तो मयतीचा शब्द.

मामा त्या बाजाराला उशिरा आले. त्यांनी सगळ्यांत जास्त वाद घातला. “बाईच्या दारावरून मुकी बंडी नेऊ? माह्या हातानं?”

मी वही दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, मी आकडे वाचले. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ते खाली उतरले, दोन्ही माळा काढून दुपट्ट्यात बांधल्या, दुपट्टा छातीशी धरला. “मले एक डाव बाईले भेटू दे.”

मी पळत जाऊन दारातून पाहून आलो. माय डोळे मिटून स्थिर पडली होती. “झोपली आहे, मामा.”

“झोपली?” ते इतके आनंदले की मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. “मंग राहू दे. उठवू नको. हे ढाळे घे, उठल्यावर सोलून दे.” आणि बंडी दारावरून न थांबता गेली. डाव्या चाकाचं टक्, टक् मला आजही ऐकू येतं, त्या गेलेल्या कानानंसुद्धा.

दुपारी मी औषध द्यायला गेलो तेव्हा माय म्हणाली, “दिना, उंद्रीची बंडी आल्ती का?”

मी एका क्षणात हिशेब केला. आली म्हटलं तर ती उठून बसेल, भावाला न जेवता का जाऊ दिलं म्हणेल, रागावेल. उठून बसलं की ठोके वाढतात, ते मी लिहिलेलं होतं. मी म्हटलं, “नाही.”

“हाव का,” ती म्हणाली. तिनं औषध घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

ढाळे मी तिला देऊ शकलो नाही, कारण बंडी आलीच नव्हती. मी आणि रहीमभाईंनी ते चौकीत बसून खाल्ले. चांगले गोड होते.

त्यानंतरचे दिवस माझ्या वहीत फार चांगले आहेत. सहा तास. साडेसात तास. एका दिवशी नऊ. माय सगळा वेळ डोळे मिटून स्थिर असे. तिनं काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. जेवण कमी झालं, भाताच्या दोन घासांवर आलं, पण जेवणाचा रकाना मी पाडलेला नव्हता. वडील संध्याकाळी वही पाहत आणि माझ्या पाठीवर हात ठेवत. त्यांनी आयुष्यात फार वेळा तसं केलं नाही. पुढच्या बाजाराला मामा पुन्हा आले, माळा पुन्हा दुपट्ट्यात, आणि मी पुन्हा दारातून पाहून म्हटलं, “झोपली आहे.” ते दोन्ही वेळा बहिणीला न भेटता दारावरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई चौकीत आल्या. या आमच्या शेजारी राहत, लोकांची धुणी-भाकरी करत, मायच्या वयाच्या. वडील पावत्यांचं पुस्तक उघडत होते. गयाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “मुन्शीजी, रागावू नका, पन बाईले आता सांगून टाका. आतल्या आत जळून राह्यली ते.”

“काय सांगून टाकू?”

“उंद्रीचं.”

“उंद्रीचं काय?”

गयाबाई वडिलांकडे पाहत राहिल्या. “कोन गेलं ते. तिले सारं समजलं हाय. तिच्या भावाची बंडी मागच्या बाजाराले दारावरून मुकी गेली, बाकी बंड्याईकडे तिचं ध्यान नाही, पन त्याचं चाक तिनं वळखलं. सुतक हाय म्हनून दारात थांबला नाही. कालबी तसाच गेला. ते मले म्हने, गया, माह्या दुखण्यापायी मले कोनी सांगत नाही, मीबी इचारत नाही, त्याईले तरास. पन पोरगं गेलं का भावजय गेली तेवढं तरी समजू दे. का बंडी दुसराच कोनी हाकलते आन् माहा सखाच...”

वडिलांच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. बाहेर एक बंडी उभी होती, बंडीवाला माळ काढत होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी पावती लिहिताना चुकलो की ते जसं पाहत, तसं.

नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस ती डोळे मिटून पडली होती आणि मी ते झोपेत मांडलं होतं. चूक एवढीच होती असं मला म्हणता येणार नाही. बैलाच्या माळेला मी पोंग्याच्या आणि रुळाच्या रांगेत बसवलं. तिला कोणता आवाज लागतो आणि कोणता लागत नाही, हे तिला विचारायचं मला सुचलं नाही. वहीत आवाज होते, पण ऐकणारं माणूस कुठल्याच रकान्यात नव्हतं.

वडील लगेच घरी गेले आणि तिला म्हणाले की उंद्रीला सगळे खुशाल आहेत. तिनं मान हलवली. दुखणेकऱ्याला असंच सांगतात, हे तिला ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी रहीमभाईंना सर्व्हिस मोटारीनं उंद्रीला पाठवलं.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. नाक्यावर थांबले नाहीत, रहीमभाईंनी बल्ली आधीच वर करून ठेवली होती. बंडी रिकामी होती, बैल पळत आले होते, माळा इतक्या वाजत होत्या की रांगेतले बंडीवाले वळून पाहू लागले. मी दारात होतो. माय उठून बसली होती, कोणाच्याही आधाराशिवाय.

मामा आत आले, खाटेच्या पायथ्याशी खाली बसले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्यांच्या डोक्यावरून, तोंडावरून, कानांवरून हात फिरवला, आंधळं माणूस फिरवतं तसा.

“सखा. तू हायेस.”

“हाव, बाई.”

“मंग कोन गेलं?”

“कोनीच नाही गेलं. पोट्टे मजेत हायेत. तुही भावजय बंडीत बसून येतो म्हनत होती, मीच नाही म्हनलं.”

“मंग माळ काऊन काढली होती?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं नाव घ्यायचं नव्हतं. मीच सांगितलं. वही, डॉक्टर, सहाशे माळा, झोप. उंद्रीची बंडी आली नाही म्हणालो होतो ते. सगळं सांगितलं. माय ऐकत होती. मग म्हणाली, “दिना, मले इचारायचं होतं बे.”

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “त्या पोंग्यानं काळीज हालते. माळेनं नाही हालत. माळ वाजली की मले वाटे, माहेरच्या वाटेनं कोनी तरी येऊन राह्यलं.”

मामांनी बैल सोडून पडवीच्या खांबाला बांधले. बैल वैरण खात होते आणि माना हलल्या की घुंगरं वाजत होती. त्या दुपारी माय झोपली. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला. खरी झोप कशी दिसते ते मी तेव्हा पाहिलं. वहीत लिहिलं नाही. वही मी त्याच दिवशी बंद केली होती.

ती त्यानंतर अकरा दिवस होती. मामा उंद्रीला गेले नाहीत, कापूस वेचणीला आलेला असूनही. डॉक्टरांना मी दवाखान्यात जाऊन एकट्यानं विचारलं की त्या नऊ दिवसांनी किती फरक पडला. ते भले माणूस होते. म्हणाले, “ते हृदय फार दिवस चालणारं नव्हतंच. पोंगे आणि जागरण यांनी नुकसान केलं, हे खरं. नऊ दिवसांचं मी सांगू शकत नाही.” मी त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि आजही मान्य आहे. पण ती किती दिवस जगली असती हा माझा हिशेब नाहीच. ते नऊ दिवस ती भावाच्या घरचं सुतक एकटी धरून होती, आणि आम्हाला त्रास नको म्हणून तोंडातून शब्द काढत नव्हती. ते दिवस कशातूनही वजा होत नाहीत.

आज आमचं घर त्याच रस्त्यावर आहे, नाका कधीच गेला. ट्रक आणि एसटी दारावरून जातात. ट्रकांचे हॉर्न गाणी वाजवतात. नात कानात कापूस घालून अभ्यास करते. मी हॉर्नबद्दल तीन अर्ज दिले आहेत, मोजून, वेळेसह. कार्यालयातला मुलगा म्हणाला, आजोबा, आवाजानं कोणी मरतं का? मी त्याला ब्याण्णव आणि एकशे अठरा हे दोन आकडे सांगितले. बाकीचं सांगितलं नाही. पण नातीचं टेबल हलवण्याआधी मी तिला विचारलं, तुला कोणता आवाज लागतो? ती म्हणाली, सगळे नाही, फक्त वळणावरचा.

मायच्या तेराव्याला मामांनी दोन्ही माळा बैलांच्या गळ्यातून काढून आमच्या पडवीतल्या खुंटीला अडकवल्या. वडील म्हणाले, घेऊन जा. मामा म्हणाले, “राहू द्या, भाऊजी. मले त्याईचा आवाज नाही ऐकवत.” दर बाजाराला त्यांची बंडी मुकी येऊ लागली, आणि रांगेतले लोक विचारत, अजून सुतक फिटलं नाही का?

श्रावण संपत आला तेव्हा वडिलांनी खुंटीवरच्या माळा उतरवल्या. पट्टे उंदरांनी कुरतडले होते. चार घुंगरं गळून पडवीत गेली होती, ती मी शोधून काढली. वडिलांनी फळीवरची तंबाखूची डबी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “पोळ्याआधी झालं पाहिजे.”

मी बाजारात गेलो. नवे पट्टे आणि बेचाळीस घुंगरं ओवण्याची मजुरी मिळून मोच्यानं अडीच रुपये सांगितले. मी कोणासाठी आणि कशाला ते सांगितलं नाही, फक्त डबी उघडून दाखवली. त्यानं पैसे मोजले आणि म्हणाला, एवढ्यात करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी माळा घेऊन मी पायी उंद्रीला गेलो. मामांनी त्या हातात घेतल्या, कानाशी धरून हलवल्या, आणि गोठ्यात गेले.

दिलेली रक्कम सव्वादोन रुपये. घेणारा चिखलीच्या बाजारातला मोची. पावती मागितली नाही.